वाळवंटातलं जिवंत कवच : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेच्या युटा राज्यातल्या कोलोरॅडो पठारावर एक लेख होता. तिथली काळपट, खडबडीत जमीन मुळात जिवंत असते, सूक्ष्मजीव, शैवाक आणि मॉस मिळून तिच्यावर एक कवच विणतात, म्हणून तिच्यावर पाय ठेवू देत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लेखातल्या फोटोत तर नुसती काळी, भुसभुशीत ढेकळं दिसतात. त्यात जिवंत नेमकं काय असतं? (पुणे)

या कवचाचा तुकडा कडेने हलकेच उचलला, तर तुटलेल्या कडेला वाळूचे कण बारीक धाग्यांना लोंबकळताना दिसतात. भिंगातून फारच स्पष्ट दिसतात. हे धागे म्हणजे मायक्रोकोलियस व्हजायनॅटस हा नीलहरित जिवाणू. जुन्या पाठ्यपुस्तकांत या गटाला नीलहरित शेवाळ म्हणत. त्याचे अनेक तंतू एकाच चिकट वेष्टनात राहतात. पाऊस पडला की वेष्टन फुगतं आणि तंतू सरकत वर, उजेडाकडे येतात. ओल ओसरू लागली की ते पुन्हा खाली जातात. जुनं वेष्टन मात्र वाळूच्या कणांना चिकटून तिथंच राहतं आणि पुढच्या ओलीत नवं तयार होतं. अशी रिकामी वेष्टनं 10 सेंटिमीटर खोलीपर्यंत सापडतात. जिवंत भाग मात्र फक्त वरच्या तीनचार मिलिमीटरमध्ये असतो, कारण त्याखाली उजेड पोचत नाही. म्हणजे खालची माती मेलेल्या धाग्यांनी धरून ठेवलेली असते आणि ते धागे एकदा तुटले की पुन्हा सांधले जात नाहीत. बाकी सगळ्या उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

मायक्रोकोलियस स्वतः हवेतला नत्र बांधू शकत नाही. ते काम त्याच्यामागून येणारे नॉस्टॉक आणि सायटोनिमा करतात. सायटोनिमाच्या वेष्टनात सायटोनेमिन नावाचं तपकिरी-काळं रंगद्रव्य असतं. ते अतिनील किरण अडवतं आणि त्यामुळेच जमीन काळी पडते. रंगद्रव्य जास्त असलेली जमीन फिक्या जमिनीपेक्षा 10 अंश सेल्सिअसपर्यंत जास्त तापलेली मोजली गेली आहे.

त्यानंतर शैवाक येतात, म्हणजे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच वर्गातलं, फक्त ते झाडाच्या सालीवर किंवा खडकावर वाढतं आणि हे मातीवर. कोलेमा हे काळं, भिजल्यावर जेलीसारखं होणारं शैवाक नत्र बांधतं. सोरा डेसिपियन्सचे विटकरी खवले असतात, त्यांना पांढरी किनार असते. शेवटी मॉस येतं. त्यातलं सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस कोरडं असताना जळल्यासारखं काळं दिसतं आणि पाण्याचा थेंब पडताच काही क्षणांत हिरवं होतं.

फिकं आणि सपाट कवच म्हणजे तरुण, काळं आणि उंचसखल म्हणजे जुनं, असा तिथला ठोकताळा आहे. उंचवटे हिवाळ्यातल्या गोठण्याने होतात. मातीतलं पाणी गोठून फुगतं, कवच वर उचलतं, पावसाने मधला भाग झिजतो आणि 10 सेंटिमीटरपर्यंत उंचीचे सुळके उभे राहतात. पृथ्वीवरच्या एकूण जमिनीपैकी सुमारे 12 टक्के जमिनीवर अशी कवचं आहेत, असा 2018 सालचा अंदाज आहे.

प्रश्न : आमच्या शेतातही पावसानंतर उघडीप पडली की पापुद्रा धरतो. बाजरी वर येत नाही. मग हाही पापुद्रा जिवंत समजून राखायचा का? (जि. अहिल्यानगर)

नाही, तो मोडायचा. हा गोंधळ दूर करणं फार गरजेचं आहे, कारण दोन्ही थर दिसायला सारखे आणि वागायला उलटे आहेत.

पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला की थेंबाच्या माऱ्याने मातीचे रवे फुटतात. सुटलेले गाळाचे आणि चिकणमातीचे बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि ऊन पडताच कडक थर होतो. त्यात जिवंत काही नसतं. सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या, वारंवार नांगरलेल्या हलक्या तांबूस जमिनीत हा त्रास जास्त होतो. चोपण जमिनीत सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, म्हणून तिथं तर थोड्या पावसानेही थर बसतो. बाजरीचं बी बारीक, कोंबाचा जोर कमी, म्हणून उगवण अडते. उगवण होईपर्यंत हलकं पाणी देऊन वरचा थर ओला ठेवणं किंवा दाताळ्याने तो हलकेच फोडणं हा तात्पुरता उपाय आहे. पेरणीच्या वेळीच ओळींवर चाळलेलं शेणखत पसरलं तर थर बसतच नाही. कायमचा उपाय म्हणजे सेंद्रिय पदार्थ वाढवणं आणि जमीन उघडी न ठेवणं.

दोन्हींतला फरक घरी तपासता येतो. नाण्याएवढा कोरडा तुकडा चाकूच्या पात्यावर अलगद उचला आणि पसरट ताटलीत स्वच्छ पाण्यात सोडा. पावसाने बसलेला थर एकदोन मिनिटांत विरघळून गाळ होतो. जिवंत कवचाचा तुकडा अखंड राहतो, थोडा हलवला तरी वाळू धरून ठेवतो. दुसरी खूण कडेची. तुकडा हळू वाकवून मोडा. धागे लोंबले तर जिवंत, काच फुटावी तशी सरळ कड आली तर निर्जीव. तिसरी खूण रंगाची. थेंबभर पाणी टाकून दहापंधरा मिनिटं थांबा. हिरवट छटा आली तर थर जिवंत आहे. रंग बदलला नाही म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नका. फार कोवळ्या कवचात हिरवटपणा डोळ्यांना दिसत नाही, तिथं पहिल्या दोन खुणांवरच भिस्त ठेवा.

खारपड जमिनीवर पांढरा थर दिसतो तो क्षाराचा. तो पाण्यात विरघळतो आणि चवीला खारट लागतो.

वहितीखालच्या जमिनीत जिवंत कवच टिकतच नाही, कुळवाच्या एका पाळीतच ते संपतं. आपल्याकडे ते शोधायचं तर न नांगरलेल्या माळावर, मुरमाड उतारावर, कातळसड्यावरच्या मातीच्या पातळ थरावर शोधा. आणि काळ्या कापूस जमिनीत फारसं सापडणार नाही, कारण ती जमीन फुगते, आकसते, भेगाळते आणि पृष्ठभाग स्थिर राहत नाही.

प्रश्न : महिनोन् महिने पाणी नसताना हे जीव जगतात कसे? (सोलापूर)

ते त्या काळात जगत नाहीत, थांबतात. पेशीतलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं आणि श्वसन, प्रकाशसंश्लेषण बंद पडतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत काम सुरू होतं. मात्र सुरुवातीला खर्चच जास्त असतो. ओल लागताच पेशी आधी झालेली मोडतोड दुरुस्त करतात, त्यासाठी साठवलेलं कर्ब वापरतात. पुरेसा वेळ ओल टिकली तर प्रकाशसंश्लेषणातून तो खर्च भरून निघतो आणि वर शिल्लक पडते.

म्हणून किती पाऊस पडला यापेक्षा ओल किती तास टिकली हे महत्त्वाचं. युटातल्या मोआब गावाला वर्षाला साधारण 230 मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळतो. तिथली कवचं मुख्यतः थंडीच्या महिन्यांत, जमीन दिवसभर ओली राहते तेव्हा वाढतात. उन्हाळ्यात मोठी सर आली तर ठीक. पण एकदीड मिलिमीटरचे शिंतोडे पडले आणि तासाभरात सुकले, तर प्रत्येक वेळी तोटाच होतो. कोलोरॅडो पठारावर शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात मुद्दाम 1.2 मिलिमीटरचे शिंतोडे वारंवार दिले. सुमारे 25 टक्के जमीन व्यापणारं सिंट्रिकिया मॉस एका हंगामात 2 टक्क्यांच्याही खाली आलं. पाणी देऊन मॉस मारलं, असा हा 2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. हवामान बदलताना पावसाचं एकूण प्रमाण तेच राहिलं, पण तो तुकड्यातुकड्यांनी पडू लागला तर काय होईल याची कल्पना त्यावरून येते.

प्रश्न : हे खाता येतं का? (एक वाचक)

कवच नाही. पण त्यातला एक जीव खाल्ला जातो. चीनच्या उत्तरेकडच्या कोरड्या गवताळ भागात नॉस्टॉक फ्लॅजेलिफॉर्म केसांसारखा मातीवर वाढतो आणि तो दक्षिण चीनमध्ये नववर्षाच्या जेवणात शुभ मानतात. तो गोळा करायला जमीन दाताळ्याने खरवडतात, त्यात गवत मुळांसकट निघतं आणि माती उडू लागते. इतकं नुकसान झालं की 2000 साली चीन सरकारने त्याच्या गोळा करण्यावर आणि विक्रीवर बंदी आणली.

प्रश्न : मुलगी डेन्व्हरला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेल्यावर युटातलं आर्चेस नॅशनल पार्क पाहणार आहोत. एक पाऊल पडल्याने खरंच इतकं बिघडतं का? आणि चालायचं कसं? (ठाणे)

बिघडतं, आणि ते दिसतं त्याहून जास्त असतं. कोरडं कवच ठिसूळ असतं. बुटाखाली त्याचा चुरा होतो, वेष्टनं तुटतात. तो चुरा वारा उडवून नेतो किंवा पाऊस वाहून नेतो. उडालेली वाळू शेजारच्या चांगल्या कवचावर पडते. मायक्रोकोलियस काही मिलिमीटर वर सरकून बाहेर येऊ शकतो, पण शैवाक आणि मॉस जागचे हलत नाहीत, ते अंधारात मरतात. अशा रीतीने पाऊलभर जागेपासून नुकसान वाऱ्याच्या दिशेने पसरत जातं. मोकळ्या झालेल्या जागी चीटग्रास हे बाहेरून आलेलं गवत घुसतं. अखंड कवचात त्याचं कुसळाचं बी सहज रुजत नाही, मोडलेल्यात रुजतं. पुढे ते वाळून वणव्याला निमित्त होतं.

भरून यायला किती वेळ लागतो, याचं एकच उत्तर नाही. वरची पातळ साय पाचसात वर्षांत दिसू लागते, त्यावरून लोक समजतात की जमीन बरी झाली. पूर्ण जाडीला पन्नासेक वर्षं लागतात. शैवाक आणि मॉसला त्याहून कितीतरी जास्त, काही ठिकाणी शतकंही. वाळू, ऊन आणि कमी पाऊस जितका जास्त तितका वेळ जास्त. कॅलिफोर्नियातल्या मोजावी वाळवंटात 1942 पासून अमेरिकेच्या जनरल पॅटनच्या सैन्याने रणगाड्यांचा सराव केला होता, त्या चाकोऱ्या आजही दिसतात.

आता चालण्याचं. खुणा केलेल्या पायवाटेवरच राहा. पायवाट सोडायचीच वेळ आली तर सलग खडकावरून जा किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. पात्रातली वाळू दर पुरात हलते, त्यामुळे तिथं कवच नसतंच. खडकाच्या खळग्यात साठलेली चिमूटभर मातीही टाळा, तिथं हमखास कवच असतं. फोटो काढायला सगळेच जण वाटेच्या कडेला दोन पावलं सरकतात आणि पायवाट रुंद होत जाते. सर्वांत जास्त नुकसान बहुधा याच दोन पावलांनी होतं. ट्रायपॉड खडकावर उभा करा. गाडी ठरवून दिलेल्या जागीच थांबवा, रस्त्याच्या कडेच्या मातीवर उतरवू नका.

चुकून कवचावर आलात तर जवळचा रस्ता शोधत पुढे जाऊ नका. आलात त्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत परत फिरा. सोबत चारजण असतील तर चौघांनी एकामागोमाग, त्याच ठशांवरून. ठसे पायाने बुजवायला जाऊ नका, त्याने आणखी जागा मोडते. मेपासून पुढे जमीन सुकलेली असते, त्यामुळे तुमच्या सहलीच्या वेळी विशेष जपायला हवं. वालुकामय जमिनीतलं कवच ओलं असताना थोडं तग धरतं, कोरडं असताना मुळीच नाही. चिकणमातीच्या जमिनीत उलट असतं, तिथं ओल्यात पाय रुततो आणि जास्त बिघडतं.

त्याच पत्रात विचारलं आहे की आठवण म्हणून एक तुकडा आणून कुंडीत वाढवता येईल का. आणू नका. नॅशनल पार्कमधून काहीही उचलणं बेकायदा आहे, आणि परवान्याशिवाय भारतात माती आणायलाही मनाई आहे. शिवाय कुंडीत रोज पाणी मिळालं आणि सतत दमट राहिलं तर बुरशी आणि साधं हिरवं शेवाळ या जीवांना मागे टाकतात.

प्रश्न : असा थर असला तर पाणी मुरतं की वाहून जातं? पाणलोटाच्या कामात याचा विचार करावा का? (जि. बीड)

दोन्ही घडतं, जागेवर अवलंबून. नुसतं 'कवच पाणी मुरवतं' किंवा 'कवच पाणी अडवतं' असं लिहिलेलं वाचलं तर विश्वास ठेवू नका.

युटात हिवाळ्यात जमीन गोठते, कवच उंचसखल होतं, त्या खळग्यांत पाणी थांबतं आणि मुरायला वेळ मिळतो. नेगेव्हच्या वाळवंटात, इस्रायल-इजिप्त सीमेवरच्या नित्झानाच्या वाळूच्या टेकड्यांवर, जमीन गोठत नाही. तिथलं कवच एक ते तीन मिलिमीटरचं, गुळगुळीत. पाणी लागताच वेष्टनं फुगतात, वाळूतल्या पोकळ्या बंद होतात आणि थोड्या पावसातही पाणी टेकडीच्या पायथ्याकडे वाहतं. हा तोटा वाटेल, पण पायथ्याची झुडपं त्या वाहून आलेल्या पाण्यावरच जगतात. सगळीकडे सारखं मुरलं असतं तर कुठल्याच झुडपाला पुरलं नसतं. दोनेक हजार वर्षांपूर्वी नाबाती या प्राचीन अरब लोकांनी याच वाळवंटात डोंगरउतारावरचं पाणी बांधांनी खोऱ्यात आणून शेती केली.

या सीमेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उपग्रहाच्या चित्रात इजिप्तची बाजू पांढरी आणि इस्रायलची काळपट दिसते. बरीच वर्षं हा फरक झाडोऱ्याचा मानला जात होता. 1995 साली कार्निएली आणि त्सोअर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काळपटपणा मुख्यतः नीलहरित जिवाणूंच्या कवचाचा आहे. एका बाजूला जनावरं आणि माणसांची ये-जा चालू होती, दुसऱ्या बाजूला थांबली होती.

मातीचा पोतही फरक करतो. वाळू मुळातच पाणी झटकन पिते, तिच्यावर कवच आलं की मुरण्याचा वेग कमी होतो. पोयट्याच्या किंवा चिकणमातीच्या जमिनीत थेंबाच्या माऱ्याने थर बसतो, तिथं कवच मातीचे रवे फुटू देत नाही, म्हणून मुरणं सुधारतं. तुमच्याकडच्या पाणलोटात माथ्यावरचा न नांगरलेला माळ राखणं हेच शहाणपणाचं. तिथं सलग चर खोदताना किती पृष्ठभाग उकरला जातो आणि तो पुन्हा धरायला किती वेळ लागेल, हे आराखड्यात धरावं.

प्रश्न : वाळवंटातली थोडी माती उडाली, त्याने दूरच्या माणसाला काय फरक पडतो? (नाशिक)

कोलोरॅडो नदीवर सुमारे 4 कोटी लोक अवलंबून आहेत. तिचं बरंचसं पाणी रॉकी पर्वतावरच्या बर्फाचं. पठारावरची तांबूस धूळ वसंतात त्या बर्फावर जाऊन बसते, बर्फ मळकट होतं, ऊन जास्त शोषतं आणि तीनेक आठवडे लवकर वितळतं. जमीन लवकर उघडी पडली की बाष्पीभवन आणि झाडांचा वापर लवकर सुरू होतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे नदीचं पाणी सुमारे 5 टक्के कमी होतं. सॅन वान पर्वतातल्या तळ्यांच्या गाळात असंही दिसलं की एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्ती आणि गुरंमेंढरं वाढल्यानंतर धूळ पाचपटीच्या आसपास गेली. त्या पठारावर त्याआधी मोठे कळप कधी फिरलेच नव्हते, त्यामुळे तिथल्या कवचाला खुरांची सवय नव्हती.

प्रश्न : मोडलेलं कवच पुन्हा लावता येतं का? रोपवाटिकेत वाढवून? (कोल्हापूर)

येतं, पण फार कष्टाने, आणि अपयश जास्त.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे काम सुरू होण्याआधी कवच वाचवणं. रस्ता किंवा पाइपलाइन जाणार असेल तर कोरड्या दिवसांत वरचा साधारण एक सेंटिमीटर थर सपाट फावड्याने उचलतात. त्याहून खोल गेलं तर खालची निर्जीव माती मिसळते आणि बियाणं पातळ होतं. तो थर सावलीत पूर्ण सुकवून, हवा खेळेल अशा पोत्यांत कोरडा ठेवतात. ओला भरला तर कुजतो. काम संपल्यावर वाहनं आणि जनावरं आधी बंद करायची, हे न करता केलेलं बाकी सगळं वाया जातं. मग वारा अडवायला गवताचा काडीकचरा किंवा तागाची जाळी अंथरायची. काडीकचऱ्यात तणाचं बी नाही ना, ते पाहायचं. थंड, ओला हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर सुकवलेलं कवच चुरून पसरायचं. साधारण 1 चौरस मीटरचं कवच 10 चौरस मीटरला, असं प्रमाण धरतात. पाणी द्यायचं तर बारीक फवाऱ्याने, थंड दिवशी, काही तास ओल टिकेल इतकं. उन्हात थोडंसं शिंपडणं कसं घातक ठरतं, ते वर आलंच आहे.

रोपवाटिकेत मायक्रोकोलियस चांगला वाढतो. अडचण बाहेर नेल्यावर येते. सावलीत, भरपूर ओलीत वाढलेले तंतू उघड्या उन्हात पांढरे पडून मरतात. त्यामुळे शेवटच्या काही आठवड्यांत पाणी कमी करत आणि ऊन वाढवत त्यांना कणखर करावं लागतं. दुसरी चूक म्हणजे बाहेरचं वाण आणणं. थंड वाळवंटांत मायक्रोकोलियस व्हजायनॅटस आणि उष्ण वाळवंटांत मायक्रोकोलियस स्टीनस्ट्रुपी जोरात असतो, हे ॲरिझोनातल्या फेरान गार्सिया-पिचेल यांच्या गटाने 2013 साली दाखवलं. म्हणून बियाणं शक्यतो त्याच परिसरातलं हवं.

मोठ्या प्रमाणावर यश मिळालेलं उदाहरण चीनचं. निंगशिया स्वायत्त प्रदेशात तेंगर वाळवंटाच्या कडेला शापोतौ इथं पाओतौ-लानचौ रेल्वेमार्ग सरकत्या टेकड्यांमधून जातो. 1956 पासून तिथं गव्हाच्या काडाचे 1 मीटर बाय 1 मीटरचे चौकोन वाळूत खोचत गेले. काड निम्मं वाळूत दाबायचं आणि निम्मं, वीतभराच्या आत, वर ठेवायचं. चौकोनांत दुष्काळात टिकणारी झुडपं लावली. काड चारपाच वर्षांत कुजतं, पण तोवर वारा मंदावून बारीक धूळ चौकोनांत साठते आणि तिच्यावर कवच आपोआप धरतं. नंतरच्या दशकांत तिथं मॉस आलं. त्यातून एक अनपेक्षित परिणामही झाला. धूळ आणि कवच मिळून पावसाचं पाणी वरच्या वर धरू लागलं, खोल मुळांच्या झुडपांना ते कमी पडू लागलं आणि उथळ मुळांच्या गवतांचं प्रमाण वाढलं. पुढे कुठेही हे करताना झुडपं विरळ लावावीत, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

प्रश्न : नीलहरित शेवाळाने क्षारपड जमीन सुधारते असं ऐकलं आहे. खरं का? (जि. सांगली)

बनारस हिंदू विद्यापीठातले रा. ना. सिंह यांनी 1950 साली उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे क्षारपड, जमिनीवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. बांध घालून पावसाचं पाणी जागेवर साठवलं आणि त्यात नॉस्टॉकसारखे जीव वाढू दिले. सेंद्रिय पदार्थ आणि नत्र वाढला, सामू उतरला. पद्धत खरी आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. सोडियम मातीच्या कणांवरून सुटायला कॅल्शियम लागतं, म्हणजे जिप्सम, आणि सुटलेला सोडियम बाहेर न्यायला निचरा लागतो. उसाच्या पट्ट्यात मूळ दुखणं जास्त पाण्याचं असतं. निचरा न करता शेवाळ सोडलं तर फक्त खर्च होईल.

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून आमच्या माळावर असं कवच शोधून नोंदवता येईल का? (शिक्षिका, जि. धाराशिव)

जरूर, आणि त्याला भिंग, फवाऱ्याची बाटली, सुतळी आणि वही एवढंच लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना जा. त्या वेळी गवत उंच असलं तरी मधल्या मोकळ्या जागा ओल्या असतात. शेळ्यांची रोजची वाट, माळाचा मधला भाग आणि कुंपणाआतली राखलेली जागा, अशा तीन जागा निवडा.

काठ्यांची 50 सेंटिमीटरची चौकट करा आणि सुतळीने उभ्याआडव्या पाच-पाच ओळी बांधा. पंचवीस छेद होतात. प्रत्येक छेदाखाली काय दिसतं ते लिहायचं : दगड, उघडी माती, गवत, पालापाचोळा, काळं कवच, शैवाक, मॉस. एक छेद म्हणजे 4 टक्के. प्रत्येक जागी निदान दहा चौकटी घ्या, आणि चौकट आवडीच्या जागी न ठेवता पाचपाच पावलांवर टाका. नाहीतर मुलं नेमकी छान दिसणारी जागाच मोजतात आणि आकडा फुगतो. चौकटीबाहेर उभं राहून वाकून मोजायचं, आत पाय टाकायचा नाही.

कोरडं दिसलं तर निर्जीव लिहिण्याआधी फवारा मारून पंधरा मिनिटं थांबा. मातीवर हिरवट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारे जेलीचे गोळे किंवा पातळ पडदे दिसले तर ते नॉस्टॉक. सुकल्यावर ते काळ्या कागदासारखे कुरकुरीत होतात आणि मुलं त्यांना कचरा समजून उडवतात, एवढं आधी सांगून ठेवा. पाण्यात तुकडा टाकण्याची चाचणी प्रत्येक जागी तीनच वेळा करा आणि तुकडा नखाएवढाच घ्या. चौकटीच्या दोन कोपऱ्यांशी दगड पुरून ठेवले तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच जागा पुन्हा मोजता येईल.